शिवारातील मोबाइल : दर, नियम आणि शेतकऱ्याचे हक्क

शेतीला लागणाऱ्या साधनांची मोजदाद करताना आपण जमीन, पाणी, बी-बियाणे, खते, अवजारे आणि भांडवल यांची नावे घेतो. अलीकडच्या काळात या यादीत आणखी एका साधनाची भर पडली आहे. ते साधन म्हणजे संदेशवहन. मोबाइलचा उपयोग केवळ सोयऱ्याधायऱ्यांची खुशाली विचारण्यापुरता होता, तोवर गावात रेंज नसणे ही गैरसोय होती. आज तेच शेतीतील नुकसानीचे कारण ठरू शकते.

विदर्भातील कापूस उत्पादकांना याचा अनुभव २०२५ साली आला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. मात्र या भावाने कापूस विकण्यासाठी शेतकऱ्याने भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ या मोबाइल अ‍ॅपवर आधी नोंदणी करणे आवश्यक ठरविण्यात आले. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली असून, शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र मोबाइलने घेतो आणि सातबाऱ्यावरील पीकपेऱ्याची नोंद करतो. वीज कोसळण्याची पूर्वसूचना देणारे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅपही मोबाइलवरच चालते. ज्याच्या शिवारात लहर पोचत नाही किंवा ज्याचा रिचार्ज संपलेला आहे, त्याला या तिन्ही गोष्टी वेळेवर मिळत नाहीत. म्हणून दूरसंचाराचे दर कसे ठरतात, त्यावर कोणाचे नियंत्रण असते आणि ग्राहक म्हणून आपले हक्क कोणते, हे खतांच्या मात्रेइतकेच समजून घेणे अगत्याचे आहे.

ट्रंक कॉलपासून ब्रॉडबँडपर्यंत

आपल्या देशात तारायंत्र व दूरध्वनी यांचा कारभार दीर्घकाळ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाखाली चालला. स्वातंत्र्यानंतरही ही सेवा सरकारच्याच हाती होती. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. ग्राहकाने स्वतः आकडे फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात प्रथम १९६० मध्ये कानपूर व लखनौ या शहरांदरम्यान झाली. त्या काळात खेड्यातील शेतकऱ्याला बाहेरच्या जगाचे वर्तमान प्रामुख्याने रेडिओवरून कळे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. हवामान, बाजारभाव व शेतीचा सल्ला रेडिओवरून घरोघर पोचला खरा; परंतु तो मार्ग एकेरी होता. ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नव्हता.

खेड्यांना दूरध्वनी मिळण्याच्या दृष्टीने १९८४ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेचे कार्य मोलाचे ठरले. धूळ व उन्हाळा सहन करणारी, वातानुकूलित खोलीवाचून चालणारी लहान ग्रामीण एक्स्चेंजे या संस्थेने तयार केली. पुढे १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना या क्षेत्राची दारे उघडली. देशातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. आरंभी मोबाइल ही श्रीमंतांची चैन होती. आलेल्या कॉललाही पैसे मोजावे लागत. मे २००३ पासून येणारा कॉल विनामूल्य झाला, आणि तेव्हापासून मोबाइल खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या खिशात आला.

दर का उतरले आणि का चढले

कोणत्याही बाजारात खरेदीदार पुष्कळ असले तर शेतमालाला भाव बरा मिळतो. खरेदीदार दोन-तीनच उरले की भाव त्यांच्या कलाने चालतो. कळमन्याच्या बाजारात माल नेणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे सांगावयास नको. दूरसंचाराच्या बाजारात आपण खरेदीदार आहोत, म्हणून तेथे हाच नियम विक्रेत्यांच्या बाजूने पाहावा लागतो. विक्रेते पुष्कळ, तर दर कमी; विक्रेते थोडे, तर दर चढे.

एके काळी देशात दहा-बारा मोबाइल कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करीत होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वाटलेले १२२ परवाने रद्द केले, तेव्हा काही कंपन्या मागे हटल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ कंपनीने बाजारात प्रवेश केला आणि दरांची मोठी घसरण झाली. २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. तोच दर पुढे दहा रुपयांच्या आसपास आला. या घसरणीत ग्राहकाचा फायदा झाला, पण अनेक कंपन्यांना टिकाव धरता आला नाही. काही बंद पडल्या, काही विकल्या गेल्या, तर व्होडाफोन व आयडिया या दोन कंपन्या ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र आल्या. परिणामी आज मोबाइलच्या बाजारात मुख्यतः तीन खासगी कंपन्या आणि सरकारी भारत संचार निगम एवढेच विक्रेते उरले आहेत.

विक्रेते घटल्यानंतर दरांनी दिशा बदलली. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन वेळा खासगी कंपन्यांनी दर वाढविले. जुलै २०२४ ची वाढ सुमारे ११ ते २५ टक्क्यांची होती. दर वाढविण्यामागे कंपन्यांचीही कारणे आहेत. लहरींच्या लिलावात त्यांना मोठ्या रकमा भराव्या लागतात. २०२२ च्या लिलावात एकूण बोली दीड लाख कोटी रुपयांच्या घरात गेली होती. तथापि, ज्याचे उत्पन्न हंगामावर अवलंबून आहे अशा शेतकऱ्याला दर २८ दिवसांनी करावा लागणारा रिचार्ज जड जातो, हेही तितकेच खरे आहे. महिना तीस दिवसांचा आणि रिचार्ज २८ दिवसांचा; त्यामुळे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात.

नियामकाचे काम कोणते

या बाजारावर देखरेख ठेवण्यासाठी १९९७ साली कायद्याने भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ‘ट्राय’, स्थापन करण्यात आले. परवाने देणे व लहरींचे वाटप करणे हे काम केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचे. तर सेवेचा दर्जा ठरविणे, ग्राहकहिताचे विनियम करणे आणि सरकारला शिफारशी करणे हे ट्रायचे. कंपन्यांचे आपसांतील व सरकारशी असलेले तंटे सोडविण्यासाठी २००० साली स्वतंत्र न्यायाधिकरणही नेमण्यात आले. जुन्या तार अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत केला असून त्याची काही कलमे जून २०२४ पासून अमलात आली आहेत.

ट्रायने दर का वाढू दिले, असा प्रश्न अनेक शेतकरी विचारतात. त्याचे उत्तर असे की, मोबाइलचे बहुतेक दर ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना दिलेले आहे. कंपनीने नवा दर लागू केल्यावर तो ट्रायला कळवावयाचा असतो. स्पर्धा आहे तोवर दर आपोआप आवाक्यात राहतील, अशी यामागची कल्पना आहे. म्हणून स्पर्धा टिकवून धरणारे नियम हेच ग्राहकाचे खरे कुंपण होय. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा नियम असून तो २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने आणखी एक पायंडा पाडला. कोणते संकेतस्थळ पाहिले यावरून डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास कंपन्यांना मनाई करण्यात आली. त्यामुळे बाजारभाव पाहणाऱ्या शेतकऱ्याला आणि चित्रपट पाहणाऱ्या शहरवासीयाला डेटा एकाच तत्त्वाने मिळतो.

लहर शिवारात का पोचत नाही

नागपूर शहरात ५-जी सेवा मिळते. परंतु पारशिवनी व रामटेक तालुक्यांत पेंचच्या जंगलाकडे सरकावे तसतशी लहर क्षीण होत जाते. याचे एक कारण निसर्गाचे आहे. ढोलाचा घुमणारा ठोका दूरवर जातो, पण मंजिरीचा बारीक नाद जवळच विरतो. रेडिओ लहरींचेही तसेच आहे. ७०० मेगाहर्ट्‌झसारख्या खालच्या पट्टीतील लहरी लांब जातात आणि झाडे व भिंती यांतून बऱ्यापैकी पार होतात. ३३०० मेगाहर्ट्‌झसारख्या वरच्या पट्टीतील लहरी पुष्कळ माहिती वाहून नेतात, पण थोड्याच अंतरावर थांबतात.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. टॉवर उभारण्याचा व चालविण्याचा खर्च गाव लहान म्हणून कमी होत नाही, मिळकत मात्र कमी होते. मार्च २०२४ अखेर शहरी भागात दर शंभर लोकांमागे १३३ हून अधिक दूरध्वनी जोडण्या होत्या. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे ५९ होते. केवळ स्पर्धेने हे अंतर भरून निघत नाही. जेथे नफा नाही तेथे कंपनी आपण होऊन जात नाही, मग दर कितीही उतरोत.

यासाठीच सार्वत्रिक सेवा निधीची तरतूद करण्यात आली. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाचा ठराविक वाटा या निधीत जमा होतो. त्याचे नाव आता ‘डिजिटल भारत निधी’ असे आहे. याच निधीतून देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबर तारेने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ज्या गावांत मोबाइल सेवा पोचलीच नव्हती, अशा २४,६८० गावांना ४-जी देण्याचा निर्णयही जुलै २०२२ मध्ये झाला आणि ते काम भारत संचार निगमाकडे सोपविण्यात आले.

भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात तार बहुतेक ठिकाणी एका गावाहून दुसऱ्या गावी, अशी सरळ रेषेत नेली होती. पाटचारी मध्येच फुटली म्हणजे पुढच्या सर्व शेतांचे पाणी तुटते, त्याप्रमाणे ही तार एके ठिकाणी तुटली की पुढची सारी गावे बंद पडतात. सुधारित कार्यक्रमात तारेचे कडे करण्याचे ठरले आहे. एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी, हा त्याचा हेतू.

आपले हक्क कसे वापरावेत

(१) कंपनी निवडताना शेजाऱ्याचे न पाहता आपले शिवार पाहावे. गावठाणात चांगली चालणारी कंपनी शेतात चालेलच असे नाही. प्रत्येक कंपनीने आपल्या सेवेचा नकाशा संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा, असे ट्रायने बंधनकारक केले आहे. तो पाहावा आणि शेतात उभे राहून पडताळा घ्यावा.

(२) सेवा समाधानकारक नसल्यास क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलावी. इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा आकडी क्रमांक, असा संदेश १९०० या क्रमांकावर पाठवावा. येणारा संकेतांक आपल्याकडे साधारणपणे चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या केंद्रात जावे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि मासिक बिलाची जोडणी असल्यास थकबाकी नसावी. जुन्या प्रीपेड खात्यातील शिल्लक नव्या कंपनीत येत नाही, म्हणून रिचार्ज संपत आला असताना हे काम करणे हिताचे.

(३) ज्याचा मोबाइल साधा आहे, त्याने न वापरलेल्या डेटाचे पैसे का मोजावेत? डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ट्रायने कंपन्यांना केवळ बोलणे व लघुसंदेश यांसाठी स्वतंत्र व्हाउचर ठेवणे भाग पाडले आणि विशेष व्हाउचरची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेली. कापूस किंवा संत्र्याचे पैसे हाती आले की वर्षभराचा रिचार्ज करून टाकावा; म्हणजे ऐन पेरणीत फोन बंद पडत नाही. २८ दिवसांऐवजी ३० दिवसांची योजना प्रत्येक कंपनीकडे असलीच पाहिजे, असा आदेश २०२२ चा आहे. दुकानदाराकडे तिची नाव घेऊन मागणी करावी.

(४) सेवेत दोष असल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. त्याला शुल्क नाही. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाही, हे ध्यानात ठेवावे. मात्र ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे.

(५) जिल्हा पातळीवरील मोठा बिघाड २४ तासांहून अधिक काळ चालला, तर बाधित ग्राहकाला बिलात सूट किंवा मुदतवाढ मिळावी, अशी तरतूद ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जा विनियमांत आहे. पावसाळ्यातील अशा बिघाडांची तारीख व वेळ ग्रामपंचायतीने नोंदवून ठेवावी.

(६) घरातील जादा क्रमांक बंद पडू नये म्हणून त्यात किमान २० रुपये शिल्लक ठेवावेत. ९० दिवस वापर नसला तरी त्यातून २० रुपये वळते करून क्रमांक पुढे चालू राहतो. बँक, आधार आणि शेतकरी योजना ज्या क्रमांकाशी जोडल्या आहेत तो हातचा गेला, तर अनुदानाचा संदेशही परक्याच्या हाती पडतो.

टॉवरच्या नावाने होणारी फसवणूक

“तुमच्या शेतात टॉवर बसवितो, दरमहा मोठे भाडे मिळेल, फक्त नोंदणीची रक्कम आधी भरा,” असे सांगून शेतकऱ्यांना फसविण्याचे प्रकार घडतात. कित्येकदा ट्रायचे बनावट पत्रही दाखविले जाते. ट्राय टॉवरसाठी कोणासही ना-हरकत पत्र देत नाही आणि जागामालकाकडून रक्कम घेत नाही. खरी कंपनी भाडे देते, आधी पैसे मागत नाही. असा फोन आल्यास पैसे भरू नयेत. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. जितकी घाई कराल तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक. हरवलेला मोबाइल बंद करविणे व आपल्या नावावर किती सिम आहेत हे पाहणे यांसाठी ‘संचार साथी’ हे सरकारी संकेतस्थळ आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत आली म्हणजे गावाला ब्रॉडबँड मिळाले, असे होत नाही. यंत्र कुलूपबंद कपाटात असेल, विजेचे बिल थकले असेल किंवा बॅटरी निकामी झाली असेल, तर लाखो रुपयांची तार निरुपयोगी ठरते. ब्रॉडबँड म्हणण्यास सेकंदाला किमान २ मेगाबिट वेग असावा, अशी व्याख्या जानेवारी २०२३ पासून आहे. कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा तरी हा वेग तपासून नोंदवहीत लिहावा.

पाणीपुरवठ्याची नळवाहिनी, गटार किंवा रस्ता यांचे खोदकाम करताना फायबर तुटण्याचे प्रसंग वारंवार येतात. खोदण्यापूर्वी तारेच्या मालकास सूचना देण्याचा नियम जानेवारी २०२३ मध्ये झाला असून त्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आहे. कंत्राटदाराला काम सुरू करू देण्यापूर्वी ही सूचना दिल्याची खातरजमा ग्रामपंचायतीने करावी. एका खड्ड्याने पाच गावांची सेवा बंद पडू नये.

तसेच, ज्या वाड्या-पाड्यांत लहर पोचत नाही त्यांची यादी करून, शिवाराची नावे व घरांची संख्या यांसह ती ग्रामसभेच्या ठरावाने जिल्हा प्रशासनाकडे पाठवावी. “आमच्याकडे रेंज नाही” हे गाऱ्हाणे झाले. “अमुक पाड्यात अमुक इतकी घरे, जवळचा टॉवर इतक्या किलोमीटरवर” ही मागणी झाली. निधीची रक्कम मागणीच्या मागे जाते. ई-पीक पाहणीच्या मुदतीत अशा वाडीतील शेतकऱ्यांना रेंज असलेल्या ठिकाणी आणून नोंद पुरी करून देणे, हेही कार्यकर्त्याचे कर्तव्य होय.

नागपूर ही हवामान विभागाच्या प्रादेशिक केंद्राची, केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची नगरी आहे. या संस्थांतील ज्ञान काटोलच्या संत्राबागेत किंवा भिवापूरच्या मिरचीच्या वावरात ज्या दिवशी हवे त्याच दिवशी पोचले, तरच त्याचा उपयोग. स्पर्धेने दर उतरविले, हे तिचे काम तिने केले. शेवटच्या वाडीपर्यंतची वाट मात्र नियम, सार्वजनिक निधी आणि जागरूक गाव या तिघांनीच बांधावयाची आहे. यांपैकी नियम झालेले आहेत आणि निधीही आहे. आता गावाने आपली मागणी कागदावर मांडून पाठपुरावा केला, तर कापसाची नोंदणी असो वा विजेचा इशारा, दोन्ही वेळेवर शिवारात पोचतील.